मोरारजी, सुमती

(१३ मार्च १९०९ – २७ जून १९९८). भारतीय जहाजवाहतूक उद्योजिका. जन्म मुंबईत, माहेरचे नाव जमुना. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे एक संस्थापक नरोत्तम मोरारजी यांच्या त्या स्नुषा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेले, पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे या कंपनीचे पहिले जहाज, ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले (→ राष्ट्रीय सागरी दिन, वालचंद हिराचंद). कंपनीचे नावही शिंद्यांवरूनच पडले. ‘सिंदिया’ हे रूप मात्र इंग्रजी वळणाचे. १९४६ पासून कारभाराची मुख्य सूत्रे सुमतींकडे होती. भारतीय जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९६५ मध्ये, पुढे इस्कॉनची स्थापना करणारे भक्तिवेदांत स्वामी अमेरिकेला गेले ते सिंदियाच्याच ‘जलदूत’ या मालवाहू जहाजातून. तिकीट सुमतींनी दिले (→ इस्कॉन). पद्मविभूषण (१९७१).