इरईच्या पाण्यावर विमान

१९३८ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाणारी जलविमाने वाटेत राजसमंद व ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरत. महायुद्धात जागोजागी लांब धावपट्ट्या झाल्या आणि तळ्यांची गरज सरली.

पुढे जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने योजलेल्या जलविमानस्थळांत चंद्रपूरचे इरई धरणही आले. ताडोबा पाहू इच्छिणाऱ्यांस ही मौजच! परंतु साबरमतीवरून ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेली अशी सेवा पुढच्याच वर्षी थांबली, हे विसरू नये.

शिवाय खरी नड आहे ती भामरागडला. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की त्या गावाचा संपर्क तुटत आला आहे. जलविमानाला शांत पाणी लागते. ओंडके वाहून आणणाऱ्या लोंढ्यावर ते उतरणार कसे? रोग्याला पैलतीरी नेणारा उंच पूल आधी हवा. पर्यटकांचे विमान मागाहून आले तरी चालेल.