स्टार वॉर्स : कल्पित इतिहासाचे कालखंड

जॉर्ज ल्युकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटापासून (२५ मे १९७७) उभ्या राहिलेल्या कथाविश्वाचा इतिहास युगांमध्ये मांडण्याची पद्धत. मूळ चित्रपटात सनावळी नव्हती. पुढे चित्रपट, कादंबऱ्या, चित्रकथा आणि व्हिडिओ गेम यांची गर्दी झाली, तेव्हा कोणती घटना कुठे बसते हे ठरवणे भाग पडले.

या गणनेचा शकारंभ म्हणजे याव्हिनची लढाई. पहिल्या चित्रपटाचा नायक ल्यूक स्कायवॉकर जुलमी साम्राज्याचे ‘डेथ स्टार’ हे महाकाय अंतराळ-शस्त्र उडवतो ते वर्ष शून्य. आधीची वर्षे ‘बीबीवाय’ म्हणजे याव्हिनपूर्व, नंतरची ‘एबीवाय’ म्हणजे याव्हिनोत्तर. हा शक प्रेक्षकाच्या आठवणीतून निघाला आहे. लढाईच्या आधी जगणाऱ्या पात्रांना ती होणार हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरीही ‘अँडॉर’ मालिकेने २०२२ मध्ये ‘बीबीवाय ५’ ही अक्षरे थेट पडद्यावर आणली. २०२५ च्या दुसऱ्या पर्वात दर तीन भागांमागे एक वर्ष सरते. चार, तीन, दोन, एक असा आकडा उतरत जातो आणि पुढे काय होणार हे माहीत असलेल्या प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो.

सर्वांत पक्का धागा ल्यूकच्या वयाचा आहे. पहिल्या चित्रपटात तो एकोणीस वर्षांचा. त्यामुळे त्याचा जन्म आणि त्याच सुमारास घडणारे प्रजासत्ताकाचा अंत व साम्राज्याची घोषणा या तिन्ही गोष्टी १९ बीबीवायमध्ये येतात. साम्राज्याआधीच्या क्लोन युद्धांचे मात्र तसे नव्हते. १९७७ मध्ये त्यांचा नुसता ओझरता उल्लेख झाला होता; टिमोथी झान यांनी १९९१ पासून लिहिलेल्या कादंबऱ्यांत ती युद्धे बरीच मागे गेली. नंतर ल्युकस यांच्याच चित्रपटांनी त्यांना २२ ते १९ बीबीवाय या तीन वर्षांत बसवले आणि कादंबऱ्यांतल्या तारखांचा मेळ घालताना जाणकारांची दमछाक झाली.

२०१२ मध्ये डिस्नेने ल्युकस यांची कंपनी ल्युकसफिल्म विकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये तोवरच्या बहुतेक कादंबऱ्या व चित्रकथा अधिकृत इतिहासातून काढून ‘लेजेंड्स’ या नावाखाली ठेवण्यात आल्या. वर्षानुवर्षे त्या वाचणाऱ्यांच्या हे जिव्हारी लागले, आणि ते स्वाभाविक होते: त्यांनी सोसलेले मृत्यूही पुसले गेले. १९९९ च्या ‘व्हेक्टर प्राइम’ या कादंबरीत वैमानिक हान सोलोचा साथीदार च्यूबाका एका ग्रहावर कोसळणाऱ्या चंद्राखाली मरतो; २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये तो हान सोलोच्या शेजारी धडधाकट उभा आहे.

आज वापरात असलेली विभागणी एप्रिल २०२३ मध्ये लंडनच्या ‘स्टार वॉर्स सेलिब्रेशन’ या चाहत्यांच्या मेळाव्यात मांडली गेली. डॉन ऑफ द जेडाय, ओल्ड रिपब्लिक, हाय रिपब्लिक, फॉल ऑफ द जेडाय, रेन ऑफ द एम्पायर, एज ऑफ रिबेलियन, न्यू रिपब्लिक, राइज ऑफ द फर्स्ट ऑर्डर आणि न्यू जेडाय ऑर्डर अशी ती नऊ युगे; जेडाय हे या कथाविश्वातले योद्धा-साधू. शेवटचे नाव जुन्या वाचकांच्या ओळखीचे आहे, कारण च्यूबाकाच्या मृत्यूने सुरू झालेल्या कादंबरीमालेचेही तेच नाव होते.

युगांच्या लांबीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओल्ड रिपब्लिकच्या वाट्याला हजारो वर्षे आली, तर एज ऑफ रिबेलियन मोजक्या वर्षांत आटोपते. तरी पहिला चित्रपट त्यातच घडत असल्याने बहुतेक प्रेक्षकांचे घर तिथेच आहे. याउलट हाय रिपब्लिक हे जाणीवपूर्वक निवडलेले मोकळे रान. जानेवारी २०२१ मध्ये चार्ल्स सूल यांच्या ‘लाइट ऑफ द जेडाय’ या कादंबरीने ते उघडले, चित्रपटांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी. इतक्या मागे गेल्याने स्कायवॉकर घराण्याची छाया पडत नाही आणि लेखकाला कुणालाही मारता येते. पुढच्या वर्षी या युगातील पुस्तके आणखी दीडशे वर्षे मागे गेली. २०२४ ची ‘द अ‍ॅकोलाइट’ ही मालिका मात्र या युगाच्या अखेरीस, १३२ बीबीवायमध्ये घडते. जवळजवळ नऊशे वर्षे जगलेला गुरू योडा तेव्हाही जेडायांमध्ये आहे.