वर्गणीची वही आणि मैदानाचे दार

क्रीडामंडळाचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिकेत ढाली, चषक आणि विजयी संघांची छायाचित्रे छापली जातात. मंडळाच्या कपाटात मात्र दोन वह्या धूळ खात पडलेल्या असतात. एक जमाखर्चाची, दुसरी सभासदांची. मैदानाचा खर्च कोणी सोसला आणि मैदानावर कोणाला पाऊल ठेवू दिले, हे त्या वह्या सांगतात. नागपूरच्या निमित्ताने त्या इतिहासाची काही पाने आज चाळावीशी वाटतात.

संस्थांच्या नोंदणीसाठी आपल्याकडे १८६० चा कायदा आहे. किमान सात जणांनी सह्या केल्या की संस्था उभी राहते. या कायद्याचे १५ वे कलम मोठे रोखठोक आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. १४ वे कलम तितकेच महत्त्वाचे. संस्था विसर्जित झाली, तर देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यावयाची नसते; ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. सभासद हा मैदानाचा मालक नव्हे, राखणदार आहे, असाच याचा अर्थ.

परंतु वर्गणीचे दार येण्याआधी आणखी एक दार लागत असे, ते जन्माचे. मुंबईचे जिमखाने जमातवार उभे राहिले. १८९४ साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याच्या नावात परमानंददास जीवनदास हे नाव आजही आहे; मोठ्या देणगीचे मोल संस्था अशा रीतीने चुकते करीत. पुण्यात पाळवणकर बाळू हा दलित तरुण गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करी आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकी. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला खेळायला घेतले. त्याची गोलंदाजी हवी होती. चहा मात्र त्याला मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. मैदानात तो संघाचा होता, पंगतीत नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, आणि १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला. संघातील जागेपासून कर्णधारपदापर्यंत पोहोचायला एका कुटुंबाला एवढा काळ लागला.

नागपूरचा थोर खेळाडू कोट्टारी कनकैया नायडू हाही याच व्यवस्थेतून पुढे आला. त्याचा जन्म १८९५ मध्ये नागपुरात झाला आणि शिक्षण हिस्लॉपच्या शाळेत झाले. १९१६ साली त्याने मुंबईत हिंदूंच्या संघातून पदार्पण केले. १९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्याला इंदूरला नेले. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांना खेळाडूचे पोट भरणे शक्य नव्हते. त्यासाठी राजाश्रयच लागे. पुढे १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व त्याने केले.

आपल्या समाजाची कथाही याहून वेगळी नाही. मुंबईत १९१२ मध्ये कॅथलिक जिमखाना स्थापन झाला. १९३७ मध्ये चौरंगी स्पर्धेची पंचरंगी झाली आणि ख्रिस्ती, ज्यू आदी लहान समाजांचे खेळाडू एका संघात आले. त्या संघाचे नाव 'इतर'! सांगलीचा मराठी ख्रिस्ती विजय हजारे याने १९४३ च्या अंतिम सामन्यात या 'इतरां'च्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. ज्यांना स्वतंत्र नाव नव्हते, त्यांच्या नावावर एक अजोड खेळी लागली. तरीही सामना हिंदूंनीच जिंकला. धर्मवार संघांची ही स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद झाली.

जन्माचे दार उघडले, वर्गणीचे राहिले. ते दार कसे उघडावे, हा प्रश्न पुन्हा नागपुरातच उभा राहिला, आणि तोही हिस्लॉपच्या परिसरात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने १८८३ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतील मुले फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडताना त्यांनी पाहिली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल जन्मास आले. पहिल्याच स्पर्धेत १२८ संघ उतरले. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून बारसे यांनी नागपूरजवळ जमीन घेतली. २०१६ मध्ये या कार्याला 'फिफा'चा विविधता पुरस्कार लाभला.

या मुलांकडे वर्गणी मागणे म्हणजे त्यांना बाहेर घालवणेच होते. म्हणून अशा कार्याचा खर्च एखाद्याच्या निवृत्तिधनातून, देणग्यांतून आणि पुरस्कर्त्यांच्या मदतीतून भागवावा लागतो. हे योग्यच आहे. पण येथे एक धोका संभवतो. केवळ देणगीवर चालणाऱ्या कोणत्याही मंडळात खेळणारा लाभार्थी होतो, सभासद होत नाही. हिशेब मागण्याचा अधिकार देणाऱ्याकडे जातो. देणगीदार रुसला की मैदान ओस पडते, आणि ज्यांचे ते मैदान होते त्यांना साधी सभाही बोलावता येत नाही. सार्वजनिक न्यासांविषयीचा १९५० चा कायदा लेखापरीक्षण करवितो, पदाधिकारी बदलल्यास धर्मादाय कार्यालयाला कळवावयास लावतो. परंतु सभेत उठून प्रश्न विचारणारा माणूस कायद्याला निर्माण करता येत नाही.

आणि तरीही वाट आहे, ती त्याच १५ व्या कलमात. रीतसर प्रवेश मिळालेल्या ज्या व्यक्तीने वर्गणी भरली आहे, अथवा सभासदांच्या यादीवर सही केली आहे, ती सभासद, असे ते कलम म्हणते. 'अथवा' हा लहानसा शब्द फार मोलाचा आहे. आपल्या धर्मग्रामांतील आणि वस्त्यांतील मंडळांनी तो नियमावलीत उतरवून घ्यावा. गरिबाला वर्गणी अवश्य माफ करावी. त्याचे मत मात्र माफ करू नये. वर्षातून एकदा जमाखर्च सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, आणि सज्ञान खेळाडूची, मूल लहान असल्यास त्याच्या आईची वा वडिलांची, सही यादीवर घ्यावी. बाळूला मैदान मिळाले होते, पंगत मिळाली नव्हती. ती पंगत आज सभासदांच्या यादीत मांडली जाते. तेथे कोणाचे पान वाढले आहे, हे प्रत्येक मंडळाने आपली वही उघडून पाहावे.