पुरंदरावरील पाळणा

शके १६९६, जयनाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी. इंग्रजी गणनेनें सोमवार, ता. १८ एप्रिल १७७४. या दिवशीं पुरंदर किल्ल्यावर एका तरुण विधवेच्या पोटीं मुलगा जन्मास आला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप नव्हता, आजोबा नव्हते, सख्खा चुलता नव्हता. घराण्यांतील जो एक कर्ता पुरुष हयात होता, तो नात्यानें मुलाचा चुलत आजोबा; परंतु तो फौज घेऊन उत्तरेच्या रोखानें चालला होता, आणि हें मूल मुळींच होऊं नये, झालेंच तर मुलगी व्हावी, यांतच त्याचें हित होतें. पेशव्यांसारख्या मोठ्या गोतावळ्याच्या घरीं झालेलें हें स्वागत मराठ्यांच्या इतिहासांत अगदीं वेगळें आहे.

आपल्याकडे मूल हें कधीं एकट्या आईबापांचें नसे. सून गर्भार आहे असें कळलें कीं सासूपासून आश्रित मावशीपर्यंत सगळ्यांची तोंडें गोड होत. डोहाळे पुरवावयाचे, ओटी भरावयाची, बाळंतपणास मुलीला माहेरीं न्यावयाचें. पुढें पांचवी, सटी, बाराव्या दिवशींचें बारसें. सटीच्या रात्रीं पाटावर कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवीत. सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें भविष्य लिहिते, ही समजूत. वडिलोपार्जित नांव फिरून घरांत यावें म्हणून दिवंगत वडील माणसाचें नांव ठेवण्याची चाल तर आजही पुष्कळ घरांत आहे. ही सगळी तयारी भरल्या घराची. पुरंदरावर जें घर जमलें होतें तें भरलेलें नव्हतें.

तें कसें रिकामें झालें हें सांगितल्याखेरीज पुढची गोष्ट समजावयाची नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर नानासाहेब पेशव्यांचा वडील मुलगा विश्वासराव पडला. त्यांचे चुलत बंधु सदाशिवरावभाऊही त्याच रणांत गेले. त्या धक्क्यानें नानासाहेब त्याच वर्षीं जून महिन्यांत पर्वतीवर वारले. दुसरा मुलगा थोरला माधवराव. त्यानें राज्य सांवरलें, पण क्षयानें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें देह ठेवला आणि त्याची पत्नी रमाबाई सती गेली. उरला नारायणराव. त्याला पेशवाईचीं वस्त्रें मिळून वर्षही झालें नव्हतें, तोंच ३० ऑगस्ट १७७३ रोजीं भर दुपारीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं त्याला कापून काढलें. वय अवघें अठरा. तेरा वर्षांच्या आंत गोपिकाबाईंनीं पति आणि तीन मुलगे गमावले. त्या नाशिकजवळ गंगापुरास राहत होत्या.

चुलता रघुनाथराव गादीवर बसला. सातारहून त्यानें वस्त्रें आणविलीं. रामशास्त्री प्रभुण्यांनीं चौकशी करून देहान्त प्रायश्चित्तावांचून या पापाला दुसरें प्रायश्चित्त नाहीं असा निर्णय दिला आणि पुणें सोडलें. पण शास्त्रीबोवांच्या निर्णयानें वारस मिळत नव्हता. वारस मिळण्याची आशा एकाच ठिकाणीं होती: नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. गर्भवतीनें सहगमन करूं नये अशी शास्त्राची आज्ञा आहे. त्या एका नियमानें पुढील एकवीस वर्षांच्या पेशवाईला पाया दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे इत्यादि मुत्सद्दी आंतून एक झाले. यांनाच बारभाई म्हणतात. रघुनाथराव स्वारीवर निघून गेला होता. ती संधि साधून १७ जानेवारी १७७४ रोजीं गंगाबाईंना पुण्याहून पुरंदरावर नेण्यांत आलें आणि त्यांच्या नांवें कारभार सुरू झाला. शनिवारवाड्यांत जें घडलें होतें त्यानंतर वाड्यांत बाळंतपण करण्याचें धाडस कोण करणार? पुरंदर पुण्यापासून फार दूर नाहीं, चढ कठीण, आणि राजघराण्यांतील बाळंतपण त्या गडाला नवें नव्हतें. ११७ वर्षांपूर्वीं, १६५७ च्या मे महिन्यांत, संभाजीमहाराजांचा जन्म याच गडावर झाला होता.

एवढ्यानें शंकेखोर लोकांचें समाधान होतें तर काय पाहिजे होतें! ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत असें नमूद आहे कीं, गंगाबाईंबरोबर इतरही कांहीं गरोदर ब्राह्मण स्त्रिया गडावर नेल्या होत्या. आणि मुलगी झाली तर मुलगा बदलून ठेवण्याचा हा बेत आहे, असा लोकांनीं तर्क बांधला. अंगावर पाजण्यास दाई हाताशीं असावी ही गोष्ट श्रीमंतांच्या घरीं नित्याची होती. तेव्हां एकाच बातमीचा अर्थ रघुनाथरावाच्या पक्षानें एक करावा आणि बारभाईंनीं दुसरा, यांत नवल नाहीं. पुरावा मात्र कोणी पुढें आणला नाहीं. पारडें कोठें झुकतें तें श्रोत्यांनींच पाहावें.

गंगाबाईंचे ते तीन महिने कसे गेले असतील याची कल्पना करवत नाहीं. विधवेची ओटी भरीत नाहींत. डोहाळेजेवण नाहीं, फुलांची वाडी नाहीं, माहेरची वाट नाहीं. खालून बातम्या येत त्या लढाईच्या. २६ मार्च रोजीं पंढरपूरजवळ कासेगांव येथें रघुनाथरावानें त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. पेठे जखमी होऊन शत्रूच्या हातीं लागले आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. आतां गर्भांत काय आहे यावर बारभाईंचें शिर शिल्लक राहावयाचें होतें. मुलगी झाली असती तर त्यांच्या बंडाला दुसरें नांव उरलें नसतें.

या कठीण काळांत गंगाबाईंजवळ घराण्यांतील एक वडील स्त्री होती: सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई. भाऊ पानिपतावर पडले हें त्यांनीं अखेरपर्यंत मानलें नाहीं. तेरा वर्षें झालीं तरी त्यांचें कुंकू पुसलेलें नव्हतें. जग त्यांना विधवा समजे, त्या स्वतःला सवाष्ण समजत. एक अठरा वर्षांच्या नवऱ्याला आठ महिन्यांपूर्वीं मुकलेली, दुसरी तेरा वर्षांपूर्वींच्या नवऱ्याची वाट पाहणारी, अशा दोघींच्या मध्यें तें मूल आलें. पेशव्यांच्या प्रचंड गोतावळ्यांतून बाळंतिणीच्या उशाशीं बसावयास एवढेंच माणूस होतें; बाकीचें घर म्हणजे कारभारी, शागीर्द आणि पहारेकरी.

मुलगा झाला. नांव ठेवलें माधवराव, थोरल्या चुलत्याचें. मेलेल्या कर्त्या माणसाचें नांव परत घरांत आणण्याची जी चाल गरिबाच्या झोंपडींतही पाळतात, तीच येथेंही पाळली गेली. फरक इतकाच कीं या नांवामागें सगळ्या राज्याची इच्छा होती. पुढें लोक त्याला सवाई म्हणूं लागले. चाळिसाव्या दिवशीं, २८ मे रोजीं, सातारच्या रामराजांकडून पेशवाईचीं वस्त्रें आलीं आणि तें तान्हें बाळ पेशवा झालें. इतर घरांत आई बाळाला घेऊन प्रथम बाहेर येते ती सुमारें त्याच सुमारास, आणि तिला हळदकुंकू लावतात.

इकडे रघुनाथरावाच्या घरींही पाळणा हालणार होता. गर्भार आनंदीबाईस धारच्या किल्ल्यांत ठेवून तो गुजराथेकडे गेला, आणि तेथें १० जानेवारी १७७५ रोजीं तिला मुलगा झाला. तोही बाप पळतीवर असतां जन्मला. त्याचें नांव पणजोबांचें नव्हे, आजोबांचें: बाजीराव. एका कुटुंबांतील हीं दोन मुलें नऊ महिन्यांच्या अंतरानें दोन किल्ल्यांवर वाढूं लागलीं. दोन महिन्यांनीं रघुनाथरावानें सुरतेस इंग्रजांशीं तह केला, आणि घरांतील वारशाच्या तंट्यांत परका शिरला. तो तंटा मिटावयास १७८२ चा सालबाईचा तह व्हावा लागला.

पुरंदरावरील घर पुन्हां ओसरूं लागलें. मूल दोन वर्षांचें असतां भाऊसाहेबांचा तोतया कैदेंतून सुटून सरदारांत मान्यता मिळवूं लागला. १७७६ अखेर त्याला देहान्त शासन झालें. पुढल्या वर्षीं गंगाबाई वारल्या, आणि मुलाचें संगोपन पार्वतीबाईंकडे आलें. त्या १७८३ सालीं, त्याच्या लग्नाच्या वर्षीं, गेल्या. गंगापुराहून आजी गोपिकाबाईंनीं नातवाला सकाळीं उठल्यापासून निजेपर्यंत कसें वागावें याचें सविस्तर पत्र पाठविलें होतें. दूर बसलेल्या आजीचा हात असाच लांबवरून पोंचावयाचा.

सवाई माधवराव २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं शनिवारवाड्यांत वरून पडून दोन दिवस आधीं झालेल्या दुखापतीनें वारला, वय एकवीस. त्याला मूल नव्हतें. तेव्हां कारभाऱ्यांनीं त्याची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक दिला तो चिमाजीअप्पा, रघुनाथरावाचाच धाकटा मुलगा; हाही बापाच्या मरणानंतर १७८४ मध्यें जन्मलेला. नात्यानें तो सवाई माधवरावाचा चुलता. दत्तकविधीनें तोच त्याचा मुलगा झाला. वर्ष संपण्यापूर्वीं, डिसेंबर १७९६ मध्यें, तें दत्तविधान रद्द ठरवून धारच्या किल्ल्यांत जन्मलेला बाजीराव गादीवर आला.