मोजून खायचं की सोडून द्यायचं?

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने आपल्या माणसांचं निरीक्षण फार बारकाईने केलं असणार. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस, रात्री राजगिऱ्याचा लाडू... (यातला बटाटा आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका, दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आपल्या उपासाचे दोन खांब समुद्रापलीकडून आलेले आहेत!) तर सांगायचं म्हणजे, आपल्याकडे उपासाचा संबंध पुण्याशी. वजनाशी तो जोडला गेला अगदी अलीकडे. वजन उतरवायला रोज थोडं कमी खावं की अधूनमधून खाणंच सोडावं, हा वाद तिकडे पश्चिमेत वाढला, आणि वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

आधी मोजणाऱ्यांचं घराणं. १८९०च्या दशकात अमेरिकेत कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने रोझा या सहकाऱ्याबरोबर एक बंद खोली तयार केली. जेमतेम एक माणूस मावेल एवढी. त्यात माणसाला काही दिवस ठेवायचं, खायला मोजून द्यायचं आणि त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजायचं. ग्रॅमभर पिष्टात किंवा प्रथिनात चार कॅलरी आणि चरबीत नऊ, हा पाकिटांवरचा हिशोब ॲटवॉटरच्याच कामातून आला. गंमत अशी की ॲटवॉटरला कुणाला बारीक करायचं नव्हतं. त्याला काळजी होती कामगारांच्या पोटाची. कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त ऊर्जा कशातून मिळेल, हा त्याचा प्रश्न. गरिबाला पुरेसं मिळावं म्हणून काढलेलं माप पुढे सुखवस्तू माणसाला कमी खायला लावायच्या कामी आलं.

ते काम केलं डॉ. लुलू हंट पीटर्स या लॉस एंजेलिसच्या बाईंनी. १९१८ साली त्यांचं आहार आणि कॅलरींवरचं पुस्तक निघालं आणि धडाक्याने खपलं. बाई स्वतः एके काळी १०० किलोच्या आसपास होत्या, ३० किलोहून जास्त उतरवलेल्या, त्यामुळे बोलण्यात अधिकार होता. चित्रं काढली होती त्यांच्या दहा वर्षांच्या भाच्याने, काडीच्या माणसांची. त्यांचं सांगणं असं की यापुढे पावाचा तुकडा म्हणायचं नाही, १०० कॅलरी पाव म्हणायचं. महायुद्ध चालू होतं. धान्याचा साठा करणं देशद्रोहासारखं, मग अंगावर चरबीचा साठा करणाऱ्याचं काय, असाही टोला त्यांनी मारला होता. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. जाड असणं हा नुसता तब्येतीचा नाही, चारित्र्याचा दोष आहे, ही समजूत त्या हिशोबाच्या वहीबरोबरच घरात आली. आणि ती वही मिटली तरी समजूत काही गेली नाही.

रोज कमी खाण्याने माणसाचं काय होतं हे एकदा नीट पाहिलं गेलं १९४४-४५मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात. युद्धात लढायला नकार दिलेले ३६ तरुण स्वखुशीने आले. अॅन्सेल कीज यांनी त्यांना सहा महिने दिवसाला सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं, शिवाय भरपूर चालायला लावलं. वजन जवळजवळ चौथाईने उतरलं. पण ती मुलं ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, चिडकी आणि उदास झाली. शरीराने आपला खर्चही कमी केला. मुळात सडपातळ पोरं ती, जाड माणसाचं अगदी तसंच होईल असं नाही. तरी १५७० हा आकडा लक्षात ठेवा. आजच्या डाएटच्या तक्त्यांत तो किंवा त्याच्या खालचा आकडा सर्रास दिसतो.

आता दुसरं घराणं, सोडून देणाऱ्यांचं. १९५९ साली अटलांटाच्या डॉ. ब्लूम यांनी लिहिलं की काही दिवस पूर्ण उपाशी ठेवलेल्या लठ्ठ रुग्णांना पहिल्या एक-दोन दिवसांनंतर भूक फारशी जाणवतच नाही. डॉक्टरांच्या कानाला हे किती गोड लागलं असेल! रोज अर्धपोटी राहणाऱ्याची भूक जात नाही, आणि साफ उपाशी राहणाऱ्याची मात्र मरते. १९६२मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. डंकन यांनी पद्धत मांडली: आधी दवाखान्यात काही दिवस पूर्ण उपास, मग घरी अधूनमधून एक-दोन दिवसांचा. आज 'इंटरमिटंट फास्टिंग' म्हणून नवं कोरं विकलं जातं ते साठ वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय नियतकालिकात होतं.

आणि मग दिवस वाढत गेले. स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी, वय २७, वजन २०७ किलो. १९६५मध्ये डंडीच्या दवाखान्यात आला. थोडे दिवस उपास करायचा बेत होता, पण गडी थांबेचना. पाणी, चहा, कॉफी, जीवनसत्त्वं, यीस्ट, पुढे पोटॅशियम. बराचसा काळ घरीच, तपासणीपुरता दवाखान्यात. ३८२ दिवस! शौचाला जाणं ३७ ते ४८ दिवसांनी एकदा, असंही डॉक्टरांनी निष्ठेने नोंदवून ठेवलंय. जुलै १९६६मध्ये उकडलेलं अंडं आणि लोणी लावलेला पाव खाऊन त्याने पारणं फेडलं तेव्हा वजन होतं ८२ किलो. पाच वर्षांनी ८९. म्हणजे टिकलं.

बार्बिएरीची गोष्ट आजही उत्साहाने सांगितली जाते. पण त्याच्या आजूबाजूच्यांची सांगितली जात नाही. त्याच काळात उपासाच्या उपचारात असताना काही रुग्ण दगावले. १९६९च्या 'लॅन्सेट'मध्ये एका २० वर्षांच्या मुलीबद्दलचा अहवाल आहे. तीस आठवड्यांच्या उपासानंतर पुन्हा खाणं सुरू केल्यावर ती गेली. हृदयाच्या स्नायूंचे तंतू तुटलेले आढळले. लांबच्या उपासात शरीर चरबीबरोबर मांसही जाळतं, आणि हृदय हेही शेवटी मांसच. जे जगले त्यांचं काय झालं? १९७७मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी अशा २०७ अतिलठ्ठ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सरासरी २८ किलो उतरलेले. दोन-तीन वर्षांत निम्मे परत मूळ वजनाला. कमी वजनावर टिकून राहिले सात जण. उपास दवाखान्यातून हद्दपार झाला तो उगाच नव्हे.

तो परत आला २०११-१२मध्ये, पण आता माणसाळलेला. मँचेस्टरच्या मिशेल हार्वी यांनी १०७ बायकांचे दोन गट केले. एकीकडे रोज पाव हिस्सा कमी, दुसरीकडे आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस अगदी थोडं. सहा महिन्यांनी रोजवाल्या ५.६ किलोंनी उतरल्या, दोन दिवसवाल्या ६.४. संख्याशास्त्राच्या लेखी फरक नाही. मग ऑगस्ट २०१२मध्ये बीबीसीवर मायकल मोझली यांचा कार्यक्रम झाला, पुढच्या वर्षी पुस्तक आलं, आणि पाच दिवस खा, दोन दिवस आवरा, हे जगभर पसरलं. आपल्याकडे २०१८च्या सुमारास घरोघरी 'दीक्षित की दिवेकर' रंगलं ते आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित (आणि त्यांच्याआधी श्रीकांत जिचकार) म्हणत दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा. ऋजुता दिवेकर म्हणत दर दोन तासांनी थोडं थोडं. लग्नाच्या पंगतीत दोन पक्ष पडायचे. व्हॉट्सॲपवर तर काय विचारता!

अभ्यासांचं म्हणाल तर ते पुन्हा पुन्हा जवळपास बरोबरीच दाखवत राहिले. २०२२मध्ये चीनमधल्या ग्वांगजोऊत १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या, निम्म्यांना वर सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायची अट. ८ किलो आणि ६.३ किलो. हाही फरक ठाम म्हणावा एवढा भरला नाही. घड्याळाची जादू असेलच तर फार बारीक आहे.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो शिकागोचा २०१७चा प्रयोग. १०० जण. एक गट एक दिवसाआड गरजेच्या चौथाईवर, मधल्या दिवशी सव्वापट. दुसरा रोज पाऊणपट. तिसऱ्याने काही बदलायचं नाही. वर्षाअखेर पहिले दोघे ६ आणि ५.३ टक्के. इथवर नेहमीचंच. पण उपासवाल्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते बघा. उपासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त खाल्लं आणि खायच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी! बिचाऱ्यांनी नकळत रोजचंच कमी खाणं करून टाकलं. आणि त्यातले ३८ टक्के मधेच सोडून गेले, रोजवाल्यांतले २९. आपण सरासरीचे किलो मोजत बसतो. सोडून जाणारा माणूस मात्र घरी जाऊन स्वतःलाच दोष देत असतो, लुलूबाईंच्या काळापासून.

तेव्हा २०२५चा कोलोरॅडोचा निकाल वाचताना मी आधी गळतीचा आकडा शोधला. १६५ जण, वर्षभर. एका गटाला आठवड्यातले तीन दिवस लागोपाठ नव्हेत असे कडक, त्या दिवशी गरजेच्या पाचव्या हिश्शावर. दुसऱ्या गटाला रोजची काटकसर. दोघांच्या आठवड्याच्या गोळाबेरजेत कपात सारखीच. या वेळी उपासवाले पुढे होते, ७.६ टक्के विरुद्ध ५. आणि गळालेले १९ टक्के, रोजवाल्यांत त्याहून जास्त. शिकागोच्या उलटं. तज्ज्ञांचे गट, मार्गदर्शन, व्यायामशाळा हे दोन्हीकडे सारखंच होतं. फरक एवढाच की उपासवाल्यांना उरलेल्या चार दिवशी कॅलरी मोजायचीच नव्हती. वही बंद. जेवायचं, नीट बघून जेवायचं, आणि उठायचं.