कीलच्या डॉक्टरची झोप

जर्मनीत डॉक्टरकी शिकायला आलेल्या कुणाशीही बोललात, तर एक शब्द हमखास कानावर पडतो: ‘बेराइटशाफ्ट्सडीन्स्ट’. म्हणजे रात्री हॉस्पिटलमध्येच थांबायचं, एका खोलीत पलंग असतो, बोलावलं की उठून वॉर्डात पळायचं. मग पलंगावर गेलेला वेळ काम की आराम?

१९९४च्या जर्मन कायद्याने तो आरामात धरला होता. प्रत्यक्ष बोलावलं तेवढंच काम. त्यामुळे दिवसाची ड्युटी आणि तिला जोडून रात्र, हे कागदावर बिनबोभाट बसायचं. नॉर्बर्ट येगर हे कीलच्या हॉस्पिटलात सर्जरी विभागात डॉक्टर. त्यांच्या अशा रात्रींतला ४९ टक्के वेळ प्रत्यक्ष कामात जायचा. प्रकरण कोर्टात गेलं आणि ९ सप्टेंबर २००३ला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरला तिथेच थांबायला लावलंय ना, मग तो झोपलेला असला तरी तो वेळ कामाचाच. १ जानेवारी २००४पासून जर्मन कायदा बदलला.

पण पेशंटला याचा फायदा होतो का? इथे उत्तर सरळ नाही. २००४मध्ये बॉस्टनच्या अतिदक्षता विभागांतला एक अभ्यास आला. २४ तासांहून लांब ड्युट्या करणाऱ्या इंटर्नांकडून, कमी तास असताना होत त्यापेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या. उलट २०१६मध्ये अमेरिकेतल्या शंभरहून अधिक सर्जरी प्रशिक्षण केंद्रांचा अभ्यास आला; त्यातल्या काही केंद्रांत तासांचे नियम सैल केले होते, तरी मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत वाढली नाही. मला वाटतं, गोम ‘हँडओव्हर’मध्ये आहे. ड्युटी छोटी केली की पेशंट जास्त हातांतून जातो, आणि प्रत्येक हातात थोडी माहिती सांडते. म्हणून तास कमी करायचे तर माणसंही वाढवावी लागतात, आणि त्याला पैसे लागतात.

(आपल्याकडे १९९२च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेतही आठवड्याला ४८ तासच लिहिलेत. ‘मार्ड’वाल्यांना विचारा!)

२००६मध्ये जर्मनीतल्या विद्यापीठ रुग्णालयांतले डॉक्टर जवळजवळ तीन महिने संपावर होते. जूनमध्ये ‘मारबुर्गर बुंड’ या त्यांच्या संघटनेने डॉक्टरांसाठी वेगळा वेतनकरार मिळवला, आठवडा ४२ तासांचा. तरी पळवाट उरलीच: सामूहिक करारात सोय असेल आणि डॉक्टरने स्वतः संमती दिली, तर ऑन-कॉल धरून ४८ तासांच्या वर जाता येतं. नकार दिला म्हणून त्रास द्यायचा नाही, असं कायदा सांगतो. पण तुमच्या प्रशिक्षणाचा दाखला ज्या वरिष्ठाच्या हातात, त्याला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. सही करून बसला असाल, तर सहा महिन्यांची मुदत देऊन ती मागे घेता येते.