व्हिज्युअल स्नो सिंड्रोम: व्यायामाकडून काय अपेक्षावे?

दूरदर्शनचे प्रक्षेपण संपल्यावर पडद्यावर ज्या ‘मुंग्या’ दिसत, त्या संपूर्ण दृष्टिक्षेत्रावर अहोरात्र, कित्येकदा डोळे मिटल्यावरही, वळवळत राहिल्या तर? व्हिज्युअल स्नो सिंड्रोमचे रुग्ण आपल्या त्रासाचे वर्णन बहुधा असेच करतात. डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीत दोष सापडत नाही. बिघाड मेंदूच्या दृश्यसंवेदना हाताळण्याच्या प्रक्रियेत असावा, असे आजवरचे संशोधन सुचवते.

अमेरिकेत ग्रँट लिऊ व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अर्धशिशीच्या १० रुग्णांतील अशा दीर्घकालीन लक्षणांची नोंद केली. हा अर्धशिशीचा उपप्रकार नसून स्वतंत्र विकार आहे, ही मांडणी क्रिस्टॉफ शान्किन, पीटर गोड्सबी प्रभृतींनी २०१४ मध्ये केली. निदानासाठी हे ठिपके तीन महिन्यांहून अधिक काळ सतत दिसावे लागतात. शिवाय दृश्य सरल्यावरही त्याची प्रतिमा रेंगाळणे, निळ्या आकाशात सूक्ष्म कण धावताना दिसणे, प्रकाश असह्य होणे आणि अंधारात कमी दिसणे, यांपैकी किमान दोन लक्षणे असावी लागतात. अर्धशिशी व कानांतील गुणगुण अनेकांच्या सोबतीला असते.

व्यायामाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. ‘व्यायाम करा, स्नो जाईल’ असा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. तरीही व्यायाम सोडणे हा चुकीचा निष्कर्ष ठरेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश चाचणीत, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटे व्यायाम केलेल्या अर्धशिशीच्या रुग्णांत झटक्यांची संख्या घटली. ही घट टोपिरामेट या औषधाच्या तुलनेत कमी असल्याचे आढळले नाही. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात १२० वृद्धांपैकी वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. अर्थात, हे दोन्ही अभ्यास व्हिज्युअल स्नोच्या रुग्णांवरचे नव्हेत, हे विसरता कामा नये. चिंता कमी होणे व झोप सुधारणे हे लाभ मात्र अमेरिकी सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही नोंदलेले आहेत, आणि या रुग्णांना खरे पोखरते ती बहुधा चिंता व अपुरी झोपच. म्हणून व्यायामाचे यश रोज ठिपके मोजून ठरवू नये. महिन्याभराने झोप, डोकेदुखी आणि दिवसभराचा उत्साह यांचा हिशेब मांडावा. सतत ठिपके तपासण्याची सवय त्यांच्याकडेच लक्ष खेचून नेते.

त्याच सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. बोलता येते, पण गाता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम समजावेत. बराच काळ बैठ्या अवस्थेत गेला असेल, तर दहा मिनिटांच्या चालण्यापासून आरंभ करणे शहाणपणाचे.

खरी अडचण जागेची आणि वेळेची आहे. नोव्हेंबरात घड्याळे मागे सरकली की कार्यालयातून घरी येईपर्यंत अंधारते. उपनगरांत अनेक रस्त्यांना पदपथच नसतात. अंधारात कमी दिसणाऱ्याने अशा वेळी रस्त्यावर चालणे धोक्याचेच. दुपारच्या सुट्टीत चालावे, किंवा मॉलमध्ये फेऱ्या माराव्यात. बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश बोचत असेल तर टोपी व उन्हाचा चष्मा वापरावा. घरात मात्र सतत गडद चष्मा नको, त्याने प्रकाशाची असहिष्णुता वाढू शकते. व्यायामशाळेतील झगझगीत दिवे खुपत असतील तर खिडकीजवळची जागा किंवा कमी गर्दीची वेळ निवडावी. घरच्या घरी सूर्यनमस्कार उत्तमच, पण चक्कर येत असेल तर डोके खाली जाणारी आसने वगळावीत. व्यायामापूर्वी घेतल्या जाणाऱ्या कॅफिनयुक्त पेयांनी झोप बिघडते, तेव्हा ती टाळलेली बरी.

श्रम करताना ठिपके क्षणिक ठळक वाटले आणि विश्रांतीने पूर्वस्थिती आली, तर त्यावरून मेंदूला इजा झाली असे समजण्याचे कारण नाही. मात्र लक्षणे प्रथमच उद्भवली असतील तर आधी नेत्रतज्ज्ञ आणि शक्यतो न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट यांची भेट घ्यावी. एका डोळ्याची दृष्टी अचानक धूसर होणे, दृष्टीसमोर पडदा आल्यासारखे वाटणे, बोलणे अडखळणे, अंगाची एक बाजू दुबळी होणे किंवा श्रमांच्या वेळी अकस्मात तीव्र डोकेदुखी उठणे, ही लक्षणे व्हिज्युअल स्नोची नव्हेत. अशा वेळी व्यायाम तत्काळ थांबवून ९११ ला फोन करावा.